आंतरधातवीय विलेपने, टिटॅनियम मिश्रधातूंवरील

टिटॅनियमाच्या मिश्रधातूंपासून बनविलेल्या यंत्रभागांची झीज कमी व्हावी म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर दोन किंवा अधिक धातूंच्या, ठराविक अणुप्रमाण असलेल्या संयुगांचा जो थर निर्माण करतात, त्यास आंतरधातवीय विलेपन असे म्हणतात. नेहमीच्या मिश्रधातूत एका धातूचे अणू दुसऱ्या धातूच्या स्फटिक जालकात (अणूंच्या नियमित मांडणीत) कोठेही विखुरलेले असतात. आंतरधातवीय संयुगात मात्र प्रत्येक प्रकारच्या अणूची जागा ठरलेली असते. अशा मांडणीत अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सहजासहजी घसरू शकत नाही. त्यामुळे ही संयुगे कठीण असतात, उच्च तापमानासही त्यांचे बल टिकून राहते आणि त्याच कारणाने ती ठिसूळही असतात. झिजेच्या दृष्टीने काठिण्य हवे असते, तर ठिसूळपणा घातक असतो. एकाच कारणातून उद्‌भवणाऱ्या या दोन गुणधर्मांपैकी पहिला राखून दुसऱ्यास आवर घालणे हाच या विलेपनांच्या विकासाचा मुख्य प्रश्न आहे. सिलिकॉन ही शुद्ध धातू नसली, तरी तिची टिटॅनियमाबरोबरची संयुगे रूढीने याच वर्गात धरतात.

टिटॅनियमाची घनता ४·५१ ग्रॅ./घ.सेंमी. म्हणजे पोलादाच्या जवळजवळ तीन-पंचमांश इतकीच आहे. तिच्या मिश्रधातूंचे बल चांगल्या पोलादांच्या तोडीचे असते आणि समुद्राचे पाणी, अनेक अम्ले व शरीरातील द्रव यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. सर्वांत अधिक वापरात असलेल्या मिश्रधातूत सु. ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. १९५० नंतरच्या दशकात विकसित झालेली ही मिश्रधातू जेट एंजिनांतील संपीडकाची (हवा दाबणाऱ्या भागाची) पाती व तबकड्या, विमानांचे सांगाडे, रासायनिक कारखान्यांतील झडपा आणि मानवी शरीरात बसवावयाचे कृत्रिम सांधे यांकरिता वापरतात. [⟶ टिटॅनियम]. इतके गुण एकत्र असूनही, जेथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासतो तेथे ही धातू उघडी वापरता येत नाही. दंतचक्र, धारवा किंवा दट्ट्या या ठिकाणी ती फारशी आढळत नाही याचे कारण केवळ तिची किंमत हे नव्हे.

झिजेची कारणे : टिटॅनियमाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा नेहमीच असतो व गंजापासून संरक्षण मिळते ते त्याच्यामुळेच. पण हा पापुद्रा पातळ असून त्याखालची धातू तुलनेने मऊ असते. घर्षण होताच तो फाटतो व उघडी पडलेली धातू समोरच्या पृष्ठभागास चिकटते. सरकण्याची क्रिया चालू राहिली की, हा सांधा ज्या ठिकाणी जोडला गेला तेथेच सुटतो असे नाही. पुष्कळदा टिटॅनियमाचाच लचका निघून तो समोरच्या भागावर जातो आणि पुढे तोच खरवडण्याचे काम करतो. या प्रकारास आसंजक झीज म्हणतात. स्फटिक रचनेचाही यात वाटा आहे. ८८२° से. खाली टिटॅनियमाचे स्फटिक षट्कोणी असतात. कोबाल्टाचेही तसेच असतात, परंतु कोबाल्टात घसरण मुख्यतः षट्कोणाच्या तळाशी समांतर अशा प्रतलांवरच होते व घर्षण कमी राहते. टिटॅनियमाच्या स्फटिकाची उंची व बाजू यांचे गुणोत्तर १·५८७ म्हणजे १·६३३ या आदर्श मूल्यापेक्षा कमी आहे. त्यामुळे उभ्या प्रतलांवरही घसरण होऊ शकते, पृष्ठभाग अधिक विरूपित होतो व संपर्काचे क्षेत्र वाढते. शिवाय ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूची उष्णता संवाहकता नेहमीच्या कार्बनी पोलादाच्या एक-सप्तमांशाच्या आसपास आहे. घर्षणाने निर्माण झालेली उष्णता त्यामुळे आत पसरण्याऐवजी पृष्ठभागाशीच साठून राहते. साध्या वंगण तेलांचाही टिटॅनियमावर विशेष उपयोग होत नाही, ही गोष्ट ही धातू व्यापारी प्रमाणावर मिळू लागल्यावर थोड्याच वर्षांत अभियंत्यांच्या ध्यानात आली होती.

या दोषाचे परिणाम केवळ भाग लवकर बदलावा लागण्यापुरते मर्यादित नसतात. जेट एंजिनाच्या पात्याचे मूळ तबकडीच्या खाचेत बसविलेले असते. एंजिन चालू असताना तेथे काही मायक्रोमीटर इतकीच पुढे-मागे हालचाल होते. एवढ्या हालचालीनेही पृष्ठभाग कुरतडला जाऊन त्यात सूक्ष्म चिरा पडतात. ही सूक्ष्मदोलनी झीज होय. अशा चिरांमुळे टिटॅनियम मिश्रधातूचे शिणवट्याविरुद्धचे बल (वारंवार उलटसुलट होणारा भार सोसण्याची क्षमता) निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. झीज म्हणून मोजावे असे द्रव्य येथे जवळजवळ नष्ट झालेलेच नसते, पण पाते मात्र मुळाशी तुटू शकते. संपीडकात फिरते टिटॅनियम स्थिर टिटॅनियमावर घासले गेल्यास साठलेल्या उष्णतेने व दाबयुक्त हवेमुळे धातू पेट घेण्याचाही धोका असतो. म्हणून असे दोन भाग समोरासमोर येऊ न देण्याची दक्षता अभिकल्पात (आराखड्यात) घेतात.

वैद्यकातील अनुभवही असाच आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडात बसविलेला दांडा व त्यावरील गोल डोके ही दोन्ही टिटॅनियम मिश्रधातूची करण्याचा प्रयोग १९७० नंतरच्या दशकात व पुढे काही वर्षे झाला. डोके प्लॅस्टिकाच्या वाटीत फिरताना त्यावर ओरखडे पडले, धातूचे बारीक कण भोवतालच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) साठून ती काळी पडली आणि काही रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. यानंतर दांडा टिटॅनियमाचा व डोके कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे किंवा मृत्तिकाद्रव्याचे अशी विभागणी रूढ झाली. उघड्या टिटॅनियमास घासण्याच्या जागी स्थान नाही, हे येथे रुग्णांना सोसावे लागलेल्या त्रासातून सिद्ध झाले असे म्हणावे लागते.

केवळ काठिण्य पुरेसे का नाही : आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झिजलेल्या द्रव्याचे घनफळ हे भार व सरकलेले अंतर यांच्या सम प्रमाणात आणि पृष्ठभागाच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. यावरून पृष्ठभाग शक्य तितका कठीण केला म्हणजे काम झाले असे वाटेल. टिटॅनियम नायट्राइडाचे व्हिकर्झ काठिण्य सु. २,००० आहे, तर वर उल्लेखिलेल्या मिश्रधातूचे सु. ३४०. नायट्राइडाचा सोनेरी रंगाचा थर निर्वातात बाष्पातून बसविता येतो किंवा नायट्रोजन वायूत तापवूनही मिळविता येतो. पण बाष्पातून बसविलेला थर सामान्यतः काही मायक्रोमीटर जाडीचाच असतो. भार हलका असेपर्यंत तो उत्तम टिकतो. भार वाढला की, खालची मऊ धातू दबते व वरचा थर गादीवर ठेवलेल्या काचेच्या तावदानासारखा फुटतो. फुटलेल्या थराचे कठीण तुकडे नंतर दोन पृष्ठभागांत सापडून मूळच्यापेक्षाही वेगाने झीज घडवून आणतात. म्हणून विलेपन पुरेसे जाड असणे, त्याचे काठिण्य पृष्ठभागापासून आत क्रमाक्रमाने कमी होत जाणे आणि आधारधातूशी ते अणूंच्या पातळीवर जोडलेले असणे या गोष्टी नुसत्या काठिण्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. आंतरधातवीय संयुगांकडे लक्ष वळण्याचे कारण हेच आहे. त्यांतील पुष्कळशी संयुगे टिटॅनियमाच्या स्वतःच्या अंगातूनच तयार करता येतात.

टिटॅनियम-ॲल्युमिनियम संयुगे : ही सर्वांत अधिक अभ्यासिली गेलेली आहेत. टिटॅनियम व ॲल्युमिनियम यांच्या अणूंचे प्रमाण ३ : १, १ : १, १ : २ व १ : ३ असलेली संयुगे ज्ञात आहेत. यांपैकी शेवटचे, म्हणजे टिटॅनियम ट्रायअल्युमिनाइड, विलेपनांत मुख्य असते. त्यात वजनी सु. ६३ टक्के ॲल्युमिनियम असून त्याचे व्हिकर्झ काठिण्य सामान्यतः ४५० ते ६०० यांच्या दरम्यान आढळते. (१ : १ प्रमाणाच्या संयुगावर आधारलेल्या मिश्रधातूची सबंध पातीच तयार करतात. २०११ पासून वापरात आलेल्या जीईएनएक्स या जेट एंजिनाच्या टरबाइनात अशी पाती आहेत. तो विषय विलेपनांहून वेगळा आहे.)

विलेपनाची जुनी व स्वस्त रीत म्हणजे टिटॅनियमाचा भाग ॲल्युमिनियमाचे चूर्ण, ॲल्युमिना व थोडा नवसागर यांच्या मिश्रणात पुरून बंद पेटीत तापविणे ही होय. नवसागरापासून निघालेल्या क्लोराइडाची ॲल्युमिनियमाशी विक्रिया होऊन बाष्परूप क्लोराइडे तयार होतात व ती ॲल्युमिनियम वाहून टिटॅनियमाच्या पृष्ठभागावर आणून सोडतात. ॲल्युमिना चूर्णाचे कण एकमेकांस चिकटू देत नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियमात भाग बुडवून काढणे ही आणखी सोपी कृती आहे. ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, त्यामुळे कढईतील द्रवाचे तापमान ७००° ते ८००° से. एवढे ठेवले तरी पुरते. दुसऱ्या एका पद्धतीत ॲल्युमिनियमाचे घन कण अतिशय वेगाने पृष्ठभागावर आदळवून थर बसवितात व मग तो तापवितात. नोव्होसिबिर्स्क येथे १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या या थंड फवारणीत धातू वितळत नाही, हा तिचा विशेष होय.

कोणत्याही रीतीने ॲल्युमिनियम पृष्ठभागावर आले की, पुढील काम विसरणाने (एका पदार्थाचे अणू दुसऱ्यात हळूहळू शिरण्याच्या क्रियेने) होते. प्रथम ट्रायअल्युमिनाइड तयार होते व त्याच्या थरातून मुख्यतः ॲल्युमिनियमाचे अणू टिटॅनियमाकडे सरकत राहून तो जाड होतो. मोकळे ॲल्युमिनियम संपल्यावरही तापविणे चालू ठेवल्यास ट्रायअल्युमिनाइड व टिटॅनियम यांच्यामध्ये ॲल्युमिनियम कमी असलेल्या संयुगांचे पातळ थर क्रमाने वाढू लागतात. अशा तऱ्हेने बाहेरून आत संघटन पायरीपायरीने बदलत जाणारे विलेपन मिळते. हवेत तापल्यास ट्रायअल्युमिनाइडावर ॲल्युमिनाचा घट्ट पापुद्रा धरतो व त्यामुळे खालच्या धातूचे ऑक्सिडीभवन थांबते. हा फायदा इतका मोठा आहे की, ही विलेपने झिजेपेक्षा उष्णतेपासून संरक्षणाकरिताच प्रथम अधिक प्रमाणात तपासली गेली.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. भेग पसरण्यास ट्रायअल्युमिनाइड जो विरोध करते त्यापेक्षा टिटॅनियम मिश्रधातूचा विरोध वीस पटींहून अधिक असतो. तापमानाबरोबर ट्रायअल्युमिनाइडाचे प्रसरण टिटॅनियमापेक्षा जास्त होते. यामुळे भट्टीतून काढल्यावर थंड होताना ते अधिक आकसू पाहते, खालची धातू त्यास आकसू देत नाही व थरात ताण निर्माण होऊन पृष्ठभागास लंब अशा चिरा पडतात. थर जितका जाड तितक्या चिरा अधिक. त्यातच हा थर आसंजन पुष्कळ कमी करीत असला, तरी घर्षण फारसे कमी करीत नाही. वंगणाची गरज त्यामुळे नाहीशी होत नाही.

टिटॅनियम-निकेल संयुगे : टिटॅनियमावर निकेलाचा मुलामा देऊन तो निर्वातात किंवा आर्गॉन वायूत तापविला असता निकेलाकडून टिटॅनियमाकडे अनुक्रमे ३ : १, १ : १ व १ : २ या निकेल-टिटॅनियम प्रमाणांची संयुगे तयार होतात. यांपैकी शेवटचे सर्वांत कठीण (व्हिकर्झ काठिण्य सु. ७००) पण ठिसूळ असते. मधले संयुग निटिनॉल या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास ते विकसित केले व हे नावही निकेल, टिटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे यांवरून पडले. त्याचे काठिण्य बेताचे असूनही ते झीज चांगली सोसते. दाब पडताच त्याची स्फटिक रचना तात्पुरती बदलते व दाब निघताच पूर्ववत होते. आदळणारा कण किंवा पाण्यातील फुटणारा बुडबुडा यांची ऊर्जा अशा रीतीने द्रव्य न तुटता शोषली जाते. काठिण्य हे झीजरोधाचे एकमेव माप नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

निकेलाच्या बाबतीत दोन सावधगिरी बाळगाव्या लागतात. मुलामा देण्यापूर्वी टिटॅनियमावरील ऑक्साइडाचा पापुद्रा अम्लांनी काढून टाकला नाही, तर मुलामा सालीसारखा सुटून येतो. तापविताना ९४२° से. हे तापमान ओलांडले, तर टिटॅनियम व निकेल यांचे मिश्रण वितळू लागते व भागाचा आकारच बिघडतो. निकेलाची अनेकांना ॲलर्जी असल्याने सांध्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांकरिता हा मार्ग श्रेयस्कर नाही.

सिलिसाइडे व लेसर विलेपन : टिटॅनियम व सिलिकॉन यांचे ५ : ३ प्रमाणातील संयुग सु. २,१३०° से.ला वितळते. त्याची घनता टिटॅनियमापेक्षाही किंचित कमी असून व्हिकर्झ काठिण्य १,००० च्या आसपास आहे. विलेपनास याहून चांगले द्रव्य सापडणे कठीण, असे कागदावर तरी वाटते. परंतु त्याच्या षट्कोणी स्फटिकाचे उभ्या दिशेतील प्रसरण आडव्या दिशेतील प्रसरणाच्या अडीच ते तीन पट असते. शेजारशेजारचे स्फटिककण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे थंड होताना ते एकमेकांस ओढतात व शुद्ध सिलिसाइडाचा थर भार पडण्यापूर्वीच तडकतो.

यावर निघालेला तोडगा असा की, सिलिसाइडाचे कण चिवट द्रव्यात रुतवून ठेवावयाचे. खडीच्या रस्त्यात खडी झीज सोसते व मुरूम तिला जागेवर धरून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. टिटॅनियमाच्या पृष्ठभागावर सिलिकॉन, निकेल इत्यादींचे चूर्ण पसरून काही किलोवॉट शक्तीचा लेसर किरण त्यावरून फिरवितात. चूर्ण व खालच्या धातूचा पातळ थर एकत्र वितळतात आणि किरण पुढे सरकताच वेगाने गोठतात. गोठताना सिलिसाइडाचे बारीक कण प्रथम वेगळे होतात व त्यांच्या भोवती टिटॅनियम-निकेल संयुग किंवा टिटॅनियमाचाच घन विद्राव राहतो. बेजिंग येथील विमानविद्या व अवकाशविद्या विद्यापीठात २००० नंतरच्या दशकात या प्रकारच्या विलेपनांवर बरेच संशोधन झाले. असा थर एक मिमी.पर्यंत जाड करता येतो, आधारधातूशी त्याचा सांधा पक्का असतो आणि उष्णता थोड्याच भागास लागत असल्याने उरलेल्या भागाचे गुणधर्म बिघडत नाहीत. तथापि एका पट्ट्यावर दुसरा पट्टा येतो त्या जागी चिरा पडण्याची प्रवृत्ती असते. भाग आधीच तापवून घेतल्यास ती कमी होते.

लाव्हेस प्रावस्था : जर्मन स्फटिकवैज्ञानिक फ्रिट्स लाव्हेस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संयुगे वेगळ्या तत्त्वावर बनतात. दोन प्रकारच्या अणूंच्या त्रिज्यांचे गुणोत्तर १·२२५ च्या जवळपास असले की, २ : १ या प्रमाणात ते अतिशय दाटीने रचले जातात. कोबाल्ट, मॉलिब्डेनम, क्रोमियम व सिलिकॉन यांच्या ट्रायबालॉय या व्यापारी नावाच्या मिश्रधातूंत अशा कठीण प्रावस्थेचे कण कोबाल्टाच्या मऊ घन विद्रावात विखुरलेले असतात. त्यांत सु. २८ टक्के मॉलिब्डेनम असते. या मिश्रधातूंचे चूर्ण आयनद्रायूच्या (विद्युत् भारित कणांनी युक्त अशा अतितप्त वायूच्या) झोतातून टिटॅनियमाच्या भागांवर फवारतात व जेट एंजिनांत सूक्ष्मदोलनी झिजेविरुद्ध त्यांचा प्रत्यक्ष वापर होतो. येथे विलेपन मुख्यतः खरखरीत केलेल्या पृष्ठभागास यांत्रिक रीत्या धरून राहते, म्हणून त्याची पकड विसरणाने मिळणाऱ्या सांध्याइतकी भक्कम नसते. उलट भाग फारसा तापत नाही, हा लाभ असतो. पात्यांच्या मुळांशी मात्र कठीण थराऐवजी तांबे, निकेल व इंडियम यांच्या मिश्रधातूचा मऊ थर व त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडाचे कोरडे वंगण वापरण्याचा प्रघात आहे. जेथे हालचाल अत्यल्प व दाब मोठा असतो, तेथे स्वतः झिजून मूळ धातू वाचविणारा थर कठीण थरापेक्षा उपयुक्त ठरतो.

शिणवट्यावरील परिणाम : प्रयोगशाळेत तबकडीवर खुंटी घासून झीज मोजण्याची कसोटी सोपी आहे व तिच्या आधारे विलेपनांची स्तुती करणारे निष्कर्ष पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. पण फिरणाऱ्या किंवा कंप पावणाऱ्या भागाकरिता विलेपन निवडताना पहिला प्रश्न झिजेचा नसून शिणवट्याचा असावयास हवा. ठिसूळ थरात पडलेली चीर आधारधातूशी पक्की जोडलेली असली, तर ती सीमेवर न थांबता आत शिरू शकते. म्हणजे ज्या घट्ट सांध्यामुळे विलेपन टिकते, तोच भागाच्या नाशास कारण होऊ शकतो. शिवाय विलेपनाखालील चीर बाहेरून पाहून कळत नाही. तापविण्याच्या क्रियेचाही वेगळा धोका आहे. ९९५° से.च्या आसपास उपरोक्त मिश्रधातूची रचना संपूर्णपणे उच्च तापमानाच्या घनीय रूपात जाते व तिचे स्फटिककण भरड होतात. त्यापुष्कळच खालच्या तापमानालाही हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागात मुरून ठिसूळ कवच तयार होते. यासाठी विसरणाची क्रिया निर्वातात किंवा अक्रिय वायूत, शक्य तितक्या कमी तापमानास व थोडा वेळ करतात. विलेपनापूर्वी पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून तेथे दाबाचे प्रतिबल निर्माण करणे हाही एक उपाय आहे. मात्र नंतर फार तापविल्यास ते प्रतिबल नाहीसे होते. स्थिर झडपा, बैठका, मार्गदर्शक नळ्या यांसारख्या, वारंवार बदलणारा भार न पडणाऱ्या भागांवर ही विलेपने निर्धास्तपणे वापरता येतात. फिरत्या पात्यांवर ती देण्यापूर्वी संपूर्ण भागाची शिणवटा कसोटी घेणे आवश्यक असते.

भारतात टिटॅनियमाच्या मिश्रधातूंचे उत्पादन हैदराबाद येथील मिश्र धातु निगम या १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीत होते. केरळातील चवरा येथे वर्षाला ५०० टन सच्छिद्र टिटॅनियम तयार करण्याच्या क्षमतेचा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. त्याचे तंत्र हैदराबादच्या संरक्षण धातुवैज्ञानिक संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले असून अवकाश कार्यक्रमाची गरज हे त्यामागील मुख्य कारण होते. उष्ण व थंड फवारणीच्या विलेपनांवर हैदराबाद येथीलच चूर्णधातुविज्ञान व नवीन द्रव्ये यांच्या आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्रात काम चालते.